पावतीपुरते सभासद

बडोदे शहराच्या ईशान्येस असलेले हरणी हे गाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. शहराने त्याला केव्हाच आपल्यात सामावून घेतले. बाहेरगावचा माणूस हरणीला ओळखतो तो तेथील विमानतळामुळे, आणि १८ जानेवारी २०२४ पासून तेथील मोटनाथ तळ्यामुळेही. तळ्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत, आधी विमानतळासंबंधी. बडोद्यात एखाद्या वैद्यकीय विषयाची परिषद भरली म्हणजे देशाच्या चारी दिशांकडून प्राध्यापक मंडळी हरणीस उतरतात. गळ्यात नावाची पट्टी, खांद्याला परिषदेची पिशवी, दीपप्रज्वलन, दोन दिवसांची व्याख्याने, एक संध्याकाळ गरब्याची, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वार्षिक सर्वसाधारण सभा. या सभेच्या वेळी निम्मे सभासद हरणीच्या रस्त्याला लागलेले असतात. गणसंख्या भरत नाही. सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच जागी, तेवढ्याच माणसांच्या उपस्थितीत पुन्हा भरते. कारण तहकूब सभेस गणसंख्येचे बंधन नाही, असे घटनेतच लिहून ठेवलेले असते. मग हिशेब मंजूर, अहवाल मंजूर, आभार. चित्र आम्ही बडोद्याचे रंगवले इतकेच. मुंबई, पुणे, नागपूर येथेही ते याहून निराळे नसते. आम्हां पत्रकारांच्या संघटनांविषयी तर न बोललेलेच बरे.

वैद्यकीय अध्यापकांच्या ज्या संघटना पगार-भत्त्यांसाठी नव्हे तर अध्यापन सुधारावे म्हणून स्थापन झाल्या, त्यांच्याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे. शरीररचनेचे, शरीरक्रियेचे, औषधशास्त्राचे, सामाजिक वैद्यकाचे असे निरनिराळ्या विषयांचे अध्यापक आपापल्या संघटना चालवतात. शिवाय वैद्यकीय शिक्षण हाच विषय मानून काम करणारीही मंडळी आहेत. इंग्लंडात या विषयाच्या अभ्यासकांची संस्था १९५७ मध्ये उभी राहिली, युरोपीय संघटना १९७२ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाली, आणि आपल्याकडे पाँडिचेरीच्या जिप्मर संस्थेत सत्तरच्या दशकातच अध्यापकांना अध्यापन शिकवणारे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. म्हणजे या क्षेत्रात आपण फार मागाहून आलो, असे मुळीच नाही. तरीही या संघटनांच्या चिटणीसांची तक्रार वर्षानुवर्षे एकच आहे: नवे सभासद मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, आणि टिकले तर दिसत नाहीत.

ही डॉक्टरांच्या घरातली भांडणे आहेत, त्यांच्याशी सामान्य वाचकाला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. देशात एमबीबीएसचे शिक्षण देणारी महाविद्यालये २०१४ पूर्वी ३८७ होती. २०२४ मध्ये ती ७८० झाली. इमारती पैशाने उभ्या राहतात, खाटाही मांडता येतात. पण दहा वर्षांत दुप्पट अध्यापक कोठून आणावयाचे? जे आले त्यांतील कित्येकांना रोगी तपासता येतो, शस्त्रक्रिया उत्तम करता येते. परंतु विशीतल्या मुलाला नाडी कशी पाहावी हे शिकवणे, त्याची परीक्षा न्यायाने घेणे, तो चुकला तर त्याला न मोडता सुधारणे, ही विद्या निराळी आहे, आणि ती त्यांना कोणी शिकवलेली नसते. ती एकमेकांकडून शिकण्याची जागा म्हणजे अध्यापकांची संघटना. ती ओस पडली, तर त्याचे मोल आणखी दहा वर्षांनी तालुक्याच्या दवाखान्यात उभ्या असलेल्या रोग्याला मोजावे लागते.

मग सभासद टिकत का नाहीत? आमच्या मते पहिला दोष आजीव सभासदत्वाच्या पद्धतीत आहे. बहुतेक संघटनांनी वार्षिक वर्गणी मागण्याचा त्रास नको म्हणून एकदाच मोठी रक्कम घेऊन माणसाला जन्माचा सभासद करण्याची वाट धरली. परिषदेच्या शुल्कात सभासदास सवलत असते, निबंध वाचावयाचा तर सभासदत्व लागते, नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते. म्हणून तरुण अध्यापक पैसे भरतो, पावती घेतो आणि विसरतो. संघटनाही त्याला विसरते, कारण त्याच्याकडून आता काही येणे उरलेले नसते. वार्षिक वर्गणीला एक गुण असा असतो, की दरवर्षी चिटणीसाला सभासदाच्या दारी जावे लागते, आणि सभासदाला दरवर्षी स्वतःशी विचारावे लागते, की या संस्थेने वर्षभरात मला काय दिले? आजीव पद्धतीने हा प्रश्नच नाहीसा केला. सरकारी महाविद्यालयातील अध्यापकाची बदली होते, पत्ता बदलतो, पत्रे जुन्या गावी जात राहतात. नोंदवहीत नाव मात्र कायम. अशा नोंदवहीवर विसंबून जी संघटना आपले बळ मोजते, तिची स्थिती बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात याहून फारशी निराळी नाही.

दुसरा दोष सक्तीचा आहे, आणि त्याचे खापर एकट्या संघटनांवर फोडणे न्यायाचे होणार नाही. १९९७ च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असावा असे सांगितले. २००९ पासून त्या वेळच्या मेडिकल कौन्सिलने विभागीय केंद्रांमार्फत अध्यापकांच्या कार्यशाळा सुरू केल्या. २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. आणि २०२० मध्ये कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बढतीसाठी शिक्षणतंत्राचा मूलभूत अभ्यासक्रम पुरा करण्याची अट घातली. यातले एकेक पाऊल योग्यच होते. पण जे शिकण्यासाठी माणूस पूर्वी आपण होऊन संघटनेकडे येत असे, ते आता हुकमाने मिळू लागले, आणि हुकमाने मिळालेल्या गोष्टीचे आपल्याकडे जे होते तेच झाले. अध्यापक प्रमाणपत्रासाठी बसतो, घड्याळाकडे पाहतो, छायाचित्र काढून घेतो आणि परततो. बढतीच्या हिशेबात निबंध मोजले जातात, अभ्यासक्रम मोजले जातात. वर्गात कोण कसे शिकवतो हे मोजण्याचे माप मात्र कोणाजवळच नाही. अशा व्यवस्थेत चांगले शिकवण्याची हौस बाळगणारा अध्यापक आपल्या विभागात एकटा पडतो. सहकारी त्याला ‘हौशी’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे.

वास्तविक संघटना कशाने उभी राहते याचे उत्तर मुंबई-बडोद्याच्या जुन्या इतिहासातच आहे. बडोदे मराठी वाचकाला परके नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते, आणि २०१८ मध्ये एक्याण्णवावे साहित्य संमेलन त्याच नगरीत भरले होते. त्या संस्थानात मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलेले डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर पुढे मुंबईस आले आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे मेडिकल युनियनच्या पुढाऱ्यांत त्यांची गणना झाली. त्या काळी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांसाठी, म्हणजे व्यवहारात गोऱ्यांसाठी, राखून ठेवल्यासारख्या होत्या. कितीही विद्वान असला तरी हिंदी डॉक्टराने शिकवावयाचे कोठे? युनियनने हा प्रश्न हाती घेतला आणि वर्षानुवर्षे लावून धरला. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयासाठी मुंबई महापालिकेला देणगी देऊ केली तेव्हा अट घातली, की तेथील अध्यापक हे सरकारी नोकरीत नसलेले, पात्र आणि स्वतंत्र हिंदी लोकच असावेत. १९२५-२६ मध्ये परळला के.ई.एम. रुग्णालय आणि जी.एस. महाविद्यालय सुरू झाले, ते या अटीसह.

त्या महाविद्यालयाची धुरा १९२५ पासून १९४२ पर्यंत ज्यांनी वाहिली ते डॉ. जीवराज मेहता मूळचे अमरेलीचे, म्हणजे बडोदे संस्थानच्याच मुलखातले. इंडियन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, १९४८ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. ते दिवाण झाले त्याच्या पुढच्याच वर्षी बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हा इतिहास आम्ही गौरवासाठी सांगत नाही. त्या पिढीला सभासद शोधत हिंडावे लागले नाही, कारण एकट्याने सुटणार नाही आणि सर्वांना बोचते आहे, असे एक निश्चित दुखणे संघटनेने आपले मानले होते.

याच नियमाचा पडताळा अलीकडेही आला. २०२० मध्ये आयोगाने एम.एस्सी. पदवीधर अध्यापकांचे प्रमाण शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांत एकदम खाली आणले. औषधशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांतून तर त्यांना वगळलेच. वर्षानुवर्षे शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहून भावी डॉक्टरांना शिकवणारी ही माणसे एका अधिसूचनेने उपरी ठरली. त्यांची राष्ट्रीय संघटना तेव्हा न्यायालयापर्यंत गेली. २०२५ च्या नियमावलीने मिटलेली दारे काही अंशी पुन्हा उघडली. सरकारी वैद्यकीय अध्यापकांच्या महाराष्ट्रातील आणि गुजरातेतील संघटनाही भत्ते आणि सेवाशर्ती यांच्या लढ्यात अशाच भरतीला येतात. फरक इतकाच, की मागणी मान्य झाली की भरती ओसरते. गाऱ्हाणे माणसाला आत आणते, पण गाऱ्हाणे मिटल्यावर त्याला धरून ठेवत नाही. शिक्षणासाठी काढलेल्या संघटनेजवळ तर असे गाऱ्हाणेही नसते. तिला धरून ठेवण्याचे दुसरे काही साधन हवे.

ते साधन कसे असते याचा एक नमुना परळलाच पाहावयास मिळतो. २००५ मध्ये त्याच जी.एस. महाविद्यालयात फिलाडेल्फियाच्या फेमर या संस्थेच्या सहकार्याने वैद्यकीय अध्यापकांसाठी दोन वर्षांची अध्येतावृत्ती सुरू झाली. पुढच्या दोन वर्षांत लुधियाना आणि कोइमतूर येथेही तिची केंद्रे निघाली. येणाऱ्याने आपल्या महाविद्यालयातली एखादी खरी अडचण घेऊन यावयाचे, तिच्यावर प्रकल्प करावयाचा, मधल्या काळात एकमेकांशी संपर्क ठेवावयाचा आणि दुसऱ्या वर्षी येऊन काय साधले, काय फसले हे सर्वांसमोर मांडावयाचे, अशी ही योजना आहे. आमच्या मते तिची खरी युक्ती यापुढे आहे. गेल्या वर्षी जो शिकावयास आला तोच पुढे शिकवणारा म्हणून उभा राहतो. त्याच्यावाचून काम अडते. मनुष्य जेथे आपल्यावाचून अडते तेथे परत परत जातो. जेथे त्याच्या नावाची खुर्ची फक्त मोजण्यासाठी मांडलेली असते तेथे जात नाही. यजमानाला न सांगता पंगतीतून उठून गेलेल्याची आठवण कोणाला राहते? वाढप्याची मात्र राहते.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. अलिबाग आणि सिंधुदुर्ग येथे २०२१-२२ मध्ये, आणि रत्नागिरीस २०२३-२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. प्रत्येकी शंभर विद्यार्थी. कोकणच्या मुलाला डॉक्टर होण्यासाठी घर सोडून मुंबई-पुण्यास जावे लागू नये, ही किती वर्षांची मागणी होती! पण अशा नव्या महाविद्यालयातील अध्यापकाचा दिनक्रम कोणी डोळ्यांसमोर आणला आहे काय? विभागात दोन-तीन माणसे, त्यांतला एखादा दुसरीकडून तात्पुरता पाठवलेला, तपासणीची तारीख जवळ आली की कागदपत्रांची धावपळ, आणि संध्याकाळी ‘हा धडा तुम्ही कसा घेता?’ असे विचारावे असा त्याच विषयाचा दुसरा माणूस पन्नास कोसांत नाही. मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाला संघटना ही हौस असेल, याला ती शिदोरी आहे. तरीही संघटनांच्या शाखा आहेत त्या मोठ्या शहरांत, आणि परिषदेचे शुल्क, प्रवास, रजा यांचा मेळ घालताना सर्वांत आधी गळतो तो हाच माणूस. त्यात २०२५ च्या नियमांनी २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयांनाही अध्यापनाचे दार उघडले आहे आणि दहा वर्षे अनुभव असलेल्या तज्ज्ञाला थेट सहयोगी प्राध्यापक होण्याची मुभा दिली आहे. ज्याने जन्मात वर्ग घेतला नाही असा कुशल डॉक्टर चाळिशीत अध्यापक म्हणून उभा राहणार. त्याला पहिल्या आठवड्यात जो कोणी मदतीचा हात देईल, त्याचा तो जन्मभर सभासद राहील. त्यासाठी आजीव वर्गणीची गरज पडणार नाही.

काही सुधारणा तर एका बैठकीत होण्याजोग्या आहेत. सर्वसाधारण सभा परिषदेच्या पहिल्या दिवशी ठेवावी, म्हणजे ती हरणीच्या गाडीशी स्पर्धा करणार नाही. आजीव सभासदत्व रद्द करणे जड वाटत असेल तर निदान पाच वर्षांनी ते सहीने नवे करून घ्यावे. व्याख्याते आणि ट्यूटर यांना ‘सहयोगी’ म्हणून मागच्या बाकावर न बसवता मताचा अधिकार द्यावा. जे सोडून गेले त्यांना चिटणीसाने स्वतः लिहून कारण विचारावे, आणि ती उत्तरे अहवालात छापावीत. किती नवे आले हे सांगण्याची हौस सर्वांनाच असते, किती गेले याचा आकडा आम्ही कोणत्याही अहवालात अद्याप पाहिलेला नाही. पण हे सारे झाले तरी मूळ प्रश्न उरतोच. सभासदाने एकत्र येऊन करावयाचे काय?

येथे आम्ही हरणीच्या तळ्याकडे येतो. १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीस आलेली मुले मोटनाथ तळ्यात होडीत बसली. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. होडी उलटली. बारा विद्यार्थी आणि त्यांच्या दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. ज्यांनी होडी चालवली, ज्यांनी ठेका दिला आणि ज्यांनी देखरेख केली नाही, त्यांचा विचार न्यायालयाने करावयाचा आहे, आणि तो अपराध प्रथमोपचाराच्या गोष्टींनी झाकला जावा असे आम्हांला स्वप्नातही वाटत नाही. प्रथमोपचाराने ती मुले वाचली असती, असेही आम्ही म्हणत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. अशा प्रत्येक प्रसंगी पहिली दहा मिनिटे डॉक्टर तेथे नसतो. असतो तो शिक्षक, नावाडी, फेरीवाला, आसपासचा रहिवासी. त्यांना काय येते?

बुडालेल्याला उलटे धरून पाणी काढण्याची जुनी समजूत आजही खेडोपाडी जिवंत आहे, आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. अलीकडे सामान्य लोकांना केवळ छाती दाबण्याची सोपी रीत शिकवली जाते. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसासाठी ती ठीक आहे, पण बुडालेल्याचा मूळ घात श्वास कोंडल्याने झालेला असतो, म्हणून त्याला आधी श्वास द्यावा लागतो आणि मग छाती दाबावी लागते. हा भेद किनाऱ्यावरच्या माणसाला तरी ठाऊक असलाच पाहिजे, आणि तो नीट समजावून देणे हे अध्यापकाचेच काम आहे, कारण कौशल्य शिकवणे ही त्याची विद्या. २०१९ च्या अभ्यासक्रमापासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला प्रवेशानंतरच्या पहिल्याच महिन्यात जीवरक्षणाचे प्राथमिक धडे दिले जातात. म्हणजे शिकवणारे प्रत्येक महाविद्यालयात आहेत, साधनेही आहेत. नाही ते एवढेच, की एका महाविद्यालयाच्या माणसाने दुसऱ्याच्या माणसाला हाक मारावी अशी जागा. शाळाशाळांतून शिक्षकांना हे शिकवणे, वर्षाने परत जाऊन त्यांना किती आठवते ते पाहणे, आणि जे विसरले त्याचे कारण शोधून शिकवण्याची रीत बदलणे, हे एका विभागाच्या आवाक्यातले काम नव्हे. आणि परिषदेत वाचण्यास याहून चांगला निबंध तो कोणता?

बडोद्याचे सरकारी महाविद्यालय, गोत्रीचे महाविद्यालय, वाघोडिया तालुक्यातील पिपरिया आणि लिमडा येथील खाजगी महाविद्यालये ही सारी एकमेकांपासून फार तर तासा-दीड तासाच्या वाटेवर आहेत. कौशल्य प्रयोगशाळा ठेवण्याची आयोगाची अट असल्याने श्वासोच्छ्वासाचा सराव करण्याचे पुतळे त्यांच्याकडे आहेतच. तपासणीचा दिवस सोडला तर बहुतेक ठिकाणी असे पुतळे कपाटातच असतात. ते हरणीच्या शाळेपर्यंत नेण्यास एक टेम्पो पुरे. त्या टेम्पोसोबत एका शनिवारी कोण कोण जाण्यास तयार आहे, एवढे पत्र शहरातल्या कोणत्याही संघटनेच्या चिटणीसाने येत्या जानेवारीपूर्वी धाडून पाहावे. उत्तर देणारे दहाच निघाले तरी सभासदांची खरी यादी त्या दिवशी त्याच्या हाती येईल, आणि जुन्या नोंदवहीची गरज त्याला मग लागेल ती फक्त पत्ते शोधण्यापुरती.